टक्केवारीआधीची सही

वर्षातून दोन-तीनदा तरी वर्तमानपत्रात बातमी येते की अमुक जातीच्या लढाऊ विमानांपैकी इतकेच टक्के उड्डाणक्षम आहेत, इतके रणगाडे दुरुस्तीच्या रांगेत उभे आहेत, आणि मग दोन दिवस त्यावर चर्चा झडते. २०१५ साली भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी, म्हणजे कॅगने, सुखोई-३० विमानांच्या ताफ्याबद्दल असेच नोंदवले होते. ७५ टक्के उपलब्धता अपेक्षित असताना प्रत्यक्षात ती ५५ ते ६० टक्क्यांच्या घरात होती. आमच्या शेजारी अग्निवीर भरतीसाठी रोज पहाटे धावायला जाणारा एक मुलगा राहतो. हा जुना आकडा कुठेतरी त्याच्या वाचनात आला तेव्हा त्याने मला विचारले, "काका, म्हणजे बाकीची चाळीस टक्के विमाने बिघडलेलीच होती का?"

प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही. त्या चाळिसांतली काही विमाने ठरलेल्या तासांनंतरच्या तपासणीसाठी उघडलेली असतात, काही मोठ्या दुरुस्तीसाठी डेपोत गेलेली असतात, काही एखाद्या सुट्या भागाची वाट पाहत महिनोन्‌महिने उभी असतात, आणि काहींत इतका किरकोळ दोष असतो की संध्याकाळपर्यंत ती पुन्हा रांगेत येतील. उलट जी साठ टक्के 'तयार' म्हणून मोजली जातात, त्यांतली काही उडू शकतात पण त्यांचे रडार चालत नाही, काहींचे रडार चालते पण त्यांना लावायचे क्षेपणास्त्र भांडारात नसते. एकाच आकड्यात इतक्या वेगवेगळ्या अवस्था कोंबलेल्या असतात, आणि बातमी वाचणाऱ्याच्या हाती मात्र आकडाच येतो.

मी वायुदलात फिटर होतो. निवृत्त झाल्यावर नागपुरात दाभ्याकडे घर केले, आणि माझ्यासारखे बरेच जण या भागात आहेत, कारण वायुदलाच्या मेंटेनन्स कमांडचे मुख्यालय इथे वायुसेनानगरात आहे. नागपूरचा माणूस फुटाळा तलावावर फिरायला जातो तेव्हा वरच्या त्या शांत वसाहतीत नेमके काय चालते हे त्याला सहसा ठाऊक नसते. सुखोईची मोठी दुरुस्ती ज्या ओझरच्या डेपोत होते तो डेपो आणि देशभर पसरलेले इतर दुरुस्ती डेपो व साहित्य भांडारे याच मुख्यालयाच्या अखत्यारीत येतात. अंबाझरीला आयुध निर्माणी आहे, भंडाऱ्याजवळ जवाहरनगरला स्फोटकांची निर्माणी आहे, आणि वर्धा जिल्ह्यात पुलगावला सेनादलाचे केंद्रीय दारूगोळा भांडार आहे. सीमेपासून इतक्या दूर असलेल्या या पट्ट्यात लढाईची साधने घडवण्याचे, सांभाळण्याचे आणि तपासण्याचे काम चालते. म्हणून मला वाटते की सज्जता कशी मोजतात आणि ती वर कशी कळवतात, याबद्दल नागपूरकराला चार गोष्टी माहीत असायला हव्यात.

या मोजणीची सुरुवात विमानाच्या वहीपासून होते. वायुदलात तिला फॉर्म सातशे म्हणतात. प्रत्येक विमानाची वही वेगळी असते. उड्डाणापूर्वीची तपासणी, उड्डाणानंतरची तपासणी, भरलेले इंधन, सापडलेला स्नॅग म्हणजे दोष, तो दूर करण्यासाठी केलेले काम, ते काम पुन्हा तपासणाऱ्याचे नाव, हे सगळे तिच्यात येते. एअरफ्रेम म्हणजे विमानाचा सांगाडा, एंजिन, इलेक्ट्रिकल, इन्स्ट्रुमेंट अशा प्रत्येक ट्रेडचा माणूस आपापल्या कामापुरती सही करतो आणि शेवटी वैमानिक ती वही वाचून विमान ताब्यात घेत असल्याची सही करतो. पुढे जो काही टक्का मंत्रालयापर्यंत पोहोचतो तो या सह्यांच्या बेरजेतून निघतो. वरच्या पातळीवर कितीही चांगला संगणक बसवला तरी खालच्या सहीत जे नाही ते त्याला निर्माण करता येत नाही.

अशा एका सहीचा प्रसंग सांगतो. एका मालवाहू विमानाच्या चाकांच्या कप्प्यात हायड्रॉलिकच्या एका जोडाशी तेल पाझरत होते. असा थोडा पाझर नेहमीचाच असतो आणि त्याची मर्यादा देखभालीच्या पुस्तकात थेंबांत दिलेली असते. मिनिटाला इतके थेंब चालतील, त्यापुढे विमान उडवायचे नाही. नुकताच ट्रेनिंग संपवून आलेला एक मुलगा कप्प्यात शिरला, त्याने जोड कापडाने कोरडा पुसला, खाली कागद धरला, प्रणालीत दाब द्यायला सांगितले आणि मनगटावरच्या घड्याळाकडे पाहत थेंब मोजू लागला. मोजणी मर्यादेच्या एकने वर गेली. त्याने पुन्हा पुसले, पुन्हा मोजले, पुन्हा एक जास्त. बाहेर सामान चढवून झाले होते, वैमानिक वाट पाहत होते, आणि जवळ उभ्या असलेल्या कोणीतरी म्हटलेच, "अरे, एकच तर थेंब आहे." आमचे वॉरंट ऑफिसर साताऱ्याकडचे होते. ते चढत्या आवाजात कधीच बोलत नसत. त्यांनी मुलाला विचारले, "मोजले कोणी?" तो म्हणाला, "मी, सर." "मग जेवढे मोजलेस तेवढे लिही."

त्याने लिहिले. विमान थांबले, सामान दुसऱ्या विमानात हलवावे लागले, हँगरच्या भिंतीवरच्या फळ्यावर त्या विमानाचा क्रमांक दुसऱ्या रकान्यात गेला आणि त्या संध्याकाळी आमच्या युनिटचा टक्का घसरला. जोड उघडल्यावर आत फार काही निघाले नाही. सील थोडे कडक झाले होते, ते बदलले आणि विमान पुन्हा तयार झाले. तो एक थेंब दुर्लक्षिला असता तरी बहुधा काहीही झाले नसते. तरीही मला त्या नोंदीचे मोल वाटते, कारण त्या दिवशीचा आमचा आकडा खरा होता आणि तो खरा ठेवण्याची किंमत युनिटने लगेच, सगळ्यांच्या देखत मोजली होती. त्या मुलाला कोणी रागावले नाही. पुढच्या वेळी काहीही आढळले तरी तो लिहिणार, याची खात्री मला तिथेच पटली.

खालून वर जाताना मात्र या नोंदींचे रूप बदलत जाते. युनिटमध्ये 'अमुक विमान अमुक पंपासाठी उभे' असे वाक्य असते. त्याच्या वर ते 'सुट्या भागांअभावी इतकी' असे होते, आणखी वर नुसती संख्या राहते आणि शेवटी टक्का. प्रत्येक पायरीवर कारण गळते. त्यात पायरी जितकी वरची तितका उद्दिष्टाचा दबाव अधिक. अमेरिकेचे संरक्षणमंत्री जेम्स मॅटिस यांनी २०१८ साली हुकूम काढला की एफ-१६, एफ-१८, एफ-२२ आणि एफ-३५ या लढाऊ विमानांच्या ताफ्यांची सज्जता वर्षभरात ८० टक्क्यांवर न्यायची. हेतू चांगला होता, पण सगळे ताफे तिथवर पोहोचले नाहीत आणि पुढे तिथल्या वायुदलाने ते उद्दिष्ट सोडून दिले. टक्का वाढवण्याचे खरे मार्ग सावकाश असतात, म्हणजे भाग मागवणे, माणसे शिकवणे, डेपोची क्षमता वाढवणे. झटपट मार्गही असतात. विमाने कमी उडवली की ती कमी बिघडतात आणि टक्का सुधारतो, मात्र त्याच काळात वैमानिकांचा सराव बुडतो, आणि तो या तक्त्यात कुठेच दिसत नाही.

दुसरा झटपट मार्ग म्हणजे एका उभ्या विमानाचे भाग काढून दुसऱ्याला लावणे. त्याला आम्ही कॅनिबलाइज करणे म्हणतो. दोन विमाने दोन वेगवेगळ्या भागांसाठी अडली असतील तर एकाचा भाग दुसऱ्याला देऊन निदान एक तरी उडवता येते, आणि लढाईच्या वेळी तसे करण्यात काहीच गैर नाही. पण शांततेच्या काळात ती सवय झाली की फिटरचे काम दुप्पट होते, कारण एकच भाग दोनदा काढावा आणि दोनदा बसवावा लागतो, काढघालीत स्क्रू-बोल्टांचे आटे झिजतात, आणि देणारे विमान हळूहळू पोकळ होत जाते. कागदावर मात्र दोन अडलेल्या विमानांऐवजी एकच दिसते. म्हणून माझ्या मते अशा प्रत्येक अदलाबदलीची संख्या टक्क्याच्या शेजारी वेगळी कळवली पाहिजे. ती संख्या वाढत असेल तर टक्का कितीही चांगला असला तरी ताफा आतून खंगत चालला आहे, असे समजावे.

आणखी एक गोष्ट व्याख्येची आहे. अमेरिकेत विमानाला 'मोहिमेस सक्षम' म्हणण्यासाठी त्याला नेमून दिलेल्या कामांपैकी किमान एक काम जमले तरी पुरते. सगळी कामे जमणाऱ्या विमानांची गणती वेगळी असते. तिथल्या लेखापरीक्षण कार्यालयाने एफ-३५ चा मार्च २०२३ मधल्या स्थितीचा जो ५५ टक्के आकडा दिला तो पहिल्या, सैल व्याख्येचा होता. व्याख्या न सांगता दोन देशांच्या किंवा दोन वर्षांच्या टक्क्यांची तुलना करणे मला अप्रामाणिक वाटते, आणि तशी तुलना आपल्याकडे सर्रास होते.

'कशासाठी तयार' हा प्रश्न विचारला की गणित आणखी कठीण होते. समजा एका कामगिरीला विमान, त्याचे रडार, त्याचे अस्त्र आणि जमिनीवरचे संपर्कयंत्र अशा चार गोष्टी एकाच वेळी लागतात आणि प्रत्येकीची सज्जता ९० टक्के आहे. चार वेगळ्या तक्त्यांत चारही ठिकाणी ९० दिसेल आणि प्रत्येक विभागप्रमुख समाधानी असेल. पण चारही गोष्टी एकदम मिळण्याची शक्यता या चार आकड्यांचा गुणाकार करून काढायची असते, आणि तो ६६ टक्क्यांच्या आसपास येतो.

एप्रिल १९८० मध्ये इराणमधल्या ओलिसांना सोडवण्यासाठी अमेरिकेने आठ हेलिकॉप्टरे धाडली. वाळवंटातल्या तळापासून पुढे जाण्यासाठी किमान सहा लागणार होती, म्हणजे हिशेबात दोनांची सोय होती. एकाच्या पात्यात तडा गेल्याचा इशारा वाटेत आला आणि ते तिथेच सोडावे लागले. एक धुळीच्या लोटात सापडून माघारी फिरले. सहा पोहोचली, पण त्यांतल्या एकाच्या हायड्रॉलिक प्रणालीत वाटेतच बिघाड झाला होता आणि तो तिथे दुरुस्त होणार नाही हे तळावर स्पष्ट झाले. पाच उरली. मोहीम तिथेच रद्द झाली, आणि परतीच्या गडबडीत एक हेलिकॉप्टर मालवाहू विमानावर आदळून आठ सैनिक गेले. निघताना आठही हेलिकॉप्टरे तयार म्हणूनच निघाली होती. त्या तयारीत वाळवंटाची बारीक धूळ आणि इतक्या लांबच्या सलग उड्डाणाचा ताण कितपत धरला होता, हा प्रश्न मला ते वाचताना दर वेळी पडतो.

विमान निदान उडते, त्यामुळे त्याचा दोष कधी ना कधी वैमानिकाच्या लक्षात येतो. दारूगोळा मात्र वापर होईपर्यंत पडून असतो आणि पडल्या जागी वय वाढवत असतो. त्याची सज्जता मोजणे मला सर्वांत अवघड वाटते. आपल्याकडे ही जाण जुनी आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गडावरच्या दारूखान्याबद्दल स्पष्ट सांगितले आहे की तो घरांना लागून नसावा, आणि दर आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने येऊन दारू, बाण बाहेर काढून उन्हे द्यावीत व पुन्हा मोहर करून ठेवावेत. त्या दोन-तीन ओळींत तपासणीचा अवधी आहे, तपासणारा कोण हे आहे, करायचे काम आहे आणि शेवटी मोहर, म्हणजे जबाबदारीची खूण, आहे. आजच्या कोणत्याही तपासणीपत्रकात याहून वेगळे घटक नसतात.

पुलगावची आग विदर्भात कोणी विसरलेले नाही. ३० आणि ३१ मे २०१६ च्या मधल्या रात्री भांडाराच्या एका शेडमध्ये आग लागली, रणगाडाविरोधी सुरुंगांचा साठा स्फोटांनी उडाला, आसपासच्या गावांतली माणसे रातोरात बाहेर काढावी लागली, आणि आग विझवायला धावलेले दोन अधिकारी व कितीतरी अग्निशामक आणि सुरक्षा जवान त्यात गेले. तिथे काम करणाऱ्यांचे नातेवाईक नागपुरात घरोघरी आहेत. दारूगोळ्याच्या तपासणीचा कागद हा नुसता कार्यालयीन सोपस्कार आहे असे ज्याला वाटत असेल त्याने त्या कुटुंबांशी बोलावे. सदोष माल वेळेवर ओळखणे, वेगळा काढणे आणि नष्ट करणे, हा सज्जतेच्या मोजणीचाच भाग आहे. तो रखडला की साठ्याचा आकडा मोठा दिसत राहतो आणि त्यातला धोकाही तिथेच राहतो.

साठ्याच्या बाबतीत कॅगने २०१५ च्या अहवालात जे मांडले ते अजूनही वाचण्यासारखे आहे. चाळीस दिवसांच्या तीव्र युद्धाला पुरेल इतका साठा अपेक्षित, वीस दिवसांचा म्हणजे किमान स्वीकारार्ह पातळी. मार्च २०१३ च्या स्थितीनुसार दारूगोळ्याच्या १७० प्रकारांपैकी १२५ प्रकार वीस दिवसांच्याही खाली होते, आणि निम्मे प्रकार दहा दिवसही पुरणारे नव्हते. मला या मांडणीतली एक गोष्ट विशेष आवडते. तिथे टक्क्याऐवजी दिवस आहेत. किती दिवस पुरेल, हा प्रश्न सैनिकाला, सेनापतीला आणि अर्थमंत्र्याला सारखाच कळतो.

दिवसांचा हा हिशेब शिवाजी महाराजांच्या एका पत्रात आहे. १६७० च्या दशकात चिपळूणजवळ छावणी केलेल्या घोडदळाच्या अधिकाऱ्यांना ते लिहितात की पावसाळाभरासाठी दिलेले दाणे आणि वैरण आत्ताच मनमानीने संपवाल, तर भर पावसात काही मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील, आणि ती तुम्हीच मारल्यासारखे होईल. त्याच पत्रात रात्री दिवा जळता ठेवू नये, उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवताच्या गंजी जळतील, इतक्या बारकाव्यापर्यंत सूचना आहेत. चातुर्मास संपल्यावर लष्कर बाहेर पडायचे तेव्हा घोडा उभा राहील की नाही, हे आषाढातल्या एका कोठाराच्या शिस्तीवर ठरते, हे त्या पत्राइतके नेमके मी दुसरीकडे वाचलेले नाही.

आता मला ज्याची सर्वांत अधिक काळजी वाटते त्या मुद्द्याकडे येतो. 'तयार नाही' असे लिहिण्याची मुभा खालच्या माणसाला किती आहे? २०१५ साली अमेरिकेच्या लष्करी महाविद्यालयातले लेनर्ड वाँग आणि स्टीफन गेरास या दोघांनी आपल्याच सैन्याबद्दल एक अभ्यास प्रसिद्ध केला. अधिकाऱ्यांवर इतक्या सक्तीच्या गोष्टी लादलेल्या असतात की त्या सगळ्या पूर्ण करणे वेळेच्या हिशेबातच बसत नाही, तरी सगळ्या पूर्ण झाल्याच्या सह्या होतात, आणि सह्या करणारी चांगली माणसे स्वतःला खोटे समजत नाहीत, असे त्यांनी दाखवले. त्यांच्या सैन्याने हे छापू दिले याचा मला आदर वाटतो. आपल्या कोणत्याही मोठ्या संस्थेत काम केलेल्या माणसाला, मग ती संस्था लष्करी असो वा नसो, यातले काहीच अपरिचित वाटणार नाही.

वार्षिक तपासणीच्या आधी गाड्यांना रंग चढतो, टायर काळे होतात, अवजारांच्या पेट्या लखलखतात. पोळ्याला झूल घालून, शिंगे रंगवून उभा केलेला बैल पाहून आमच्या विदर्भातला शेतकरी नांगरटीचा अंदाज करत नाही. तपासणाऱ्याने गाडी सुरू करून चाळीस किलोमीटर चालवायला सांगावी, तोफेचा मारा करून पाहावा, आणि तोही पहिल्या दिवशी नव्हे, सरावाच्या आठव्या दिवशी.

जर्मनीत डिसेंबर २०२२ मध्ये तसेच झाले. नाटोच्या जलद प्रतिसाद दलासाठी तयारी करणाऱ्या तुकडीची प्यूमा जातीची अठरा चिलखती वाहने सरावात उतरली आणि अठराच्या अठरा बंद पडली. तिथल्या डिव्हिजनच्या प्रमुखाने ते वरिष्ठांना पत्राने कळवले, पत्र वर्तमानपत्रांत पोहोचले, देशभर गदारोळ झाला आणि पुढची खरेदी काही काळ रोखली गेली. नंतर कळले की बरेच दोष लहान होते, आणि बहुतेक वाहने काही आठवड्यांत दुरुस्तही झाली. यावरून काही जणांनी त्या अधिकाऱ्याने उगाच बभ्रा केला असे म्हटले. मला ते अजिबात पटत नाही. लहान दोष अठरा वाहनांत एकाच वेळी निघत असतील तर दोष सुट्या भागांच्या साखळीत, चालकांच्या प्रशिक्षणात किंवा दुरुस्तीपथकाच्या जागेत आहे, आणि ते शोधण्याची वेळ युद्धाच्या आधीची असते.

कारगिलच्या वेळी, १९९९ मध्ये, जनरल वेदप्रकाश मलिक यांनी जे आहे त्यानिशी लढू असे सांगितले होते. ते वाक्य नेहमी तुटवड्याच्या संदर्भात उद्धृत होते. मला त्यात दुसरीही गोष्ट दिसते. जे आहे ते नेमके किती आहे हे सेनापतीला ठाऊक असेल, तरच त्याला असे सांगता येते. कोणत्या तोफेला किती गोळे, कोणत्या विमानाला कोणते अस्त्र, हे त्याला त्या वेळी खालून आलेल्या कागदांवरूनच कळणार असते.

हे सगळे गुप्त ठेवावे की नाही, यावर आमच्या निवृत्तांच्या बैठकीत नेहमी वाद होतो. जर्मनीचे सैन्य दर वर्षी आपल्या साधनांच्या स्थितीचा अहवाल संसदेला उघडपणे देत असे. मार्च २०१९ मध्ये तो गोपनीय केला गेला, कारण शत्रूला त्यातून फार कळते. त्याआधी, ऑक्टोबर २०१७ मध्ये, त्यांच्या सहाही पाणबुड्या एकाच वेळी बंद असल्याचे जगाला कळले होते, तेव्हा ती भीती अगदीच निराधार नव्हती. कोणत्या तळावरची कोणती विमाने उभी आहेत हे कोणी छापू नये, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण एकूण ताफ्याचा, एकूण साठ्याचा वर्षा-दोन वर्षांपूर्वीचा हिशेब संसदेसमोर उघडपणे यायलाच हवा. सुट्या भागांची मागणी आज नोंदवली तर माल हातात यायला कधी कधी वर्षे लागतात, आणि त्या मागणीला पैसे द्यायचे की नाही हे संसदच ठरवते.

अलीकडे खरेदीच्या करारांतच सज्जतेचा आकडा लिहिला जाऊ लागला आहे. २०१६ साली फ्रान्सकडून छत्तीस राफेल विमाने घेताना ताफ्यातली किमान ७५ टक्के विमाने सुरुवातीची काही वर्षे उड्डाणयोग्य ठेवण्याची हमी विकणाऱ्याकडून घेतली गेली. ही पद्धत मला चांगली वाटते, कारण भाग वेळेवर देण्यात विकणाऱ्याचे हित गुंतते. पण मग 'उड्डाणयोग्य' कशाला म्हणायचे, ठरलेल्या तपासणीसाठी उघडलेले विमान कोणाच्या खात्यात धरायचे, आपल्या फिटरच्या हातून बिघडलेला भाग कोणाचा, या प्रत्येक प्रश्नाला रुपयांचे वजन येते. अशा वेळी रोजची वही आपल्या माणसाने लिहिलेली हवी, त्याला विमान थांबवण्याचा पूर्ण अधिकार हवा, आणि त्याच्या बढतीचा किंवा बदलीचा त्या ७५ च्या आकड्याशी काडीचाही संबंध असता कामा नये, असे माझे ठाम मत आहे.